मांजरं पोत्यात भरून सोडू नका, त्यांची नसबंदी करा : गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि कमिटीचे सभासद,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची तयारी आता सुरू झाली असेल. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची आणि तिच्या १४ दिवस आधी अजेंडा सगळ्यांच्या हातात पडायला हवा, ही धावपळ मला चांगली ठाऊक आहे. मुंबईच्या उपनगरातल्या ११२ सदनिकांच्या आमच्या सोसायटीत मी सहा वर्षं कमिटीवर होते. ताळेबंद, ऑडिटरची नेमणूक, गच्चीची गळती, पार्किंग, थकबाकीदार असे विषय अजेंड्यावर असतात. मांजरांचा विषय त्यात कधी नसतो. तो निघतो सगळ्यात शेवटी, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ या ओळीखाली, रात्रीचे साडेदहा वाजून गेल्यावर. कुणाच्या स्कूटरची सीट फाटलेली असते, कुणाच्या पायपुसण्यावर घाण झालेली असते, कुणाचं बाळ रात्रीच्या ओरडण्याने दचकून उठत असतं. मग खायला घालणाऱ्या बाईंचं नाव निघतं, आवाज चढतात आणि ‘एकदाची नेऊन सोडा कुठेतरी’ असं कुणीतरी म्हणतं. ठराव होत नाही. मिनिट्समध्ये काही लिहिलं जात नाही. पुढच्या आठवड्यात वॉचमनला तोंडी सांगितलं जातं.

त्या तोंडी सांगण्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

२०१६ साली आमच्याकडे असंच झालं, आणि सांगणाऱ्यांत मीही होते. एका रात्री दोन माणसांनी आवारातली ११ मांजरं पोत्यात घातली आणि टेम्पोतून मासळी बाजाराजवळ नेऊन सोडली. तिथे खायला भरपूर मिळेल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. तेव्हा मला ते पटलंही होतं. एकोणिसाव्या दिवशी त्यांतली एक करडी भाटी, म्हणजे मांजरी, लंगडत परत आली. ती थेट पंप रूमच्या मागे गेली आणि तिथे ओरडत फिरत राहिली. तिची पिल्लं तिथे होती. तिला उचललं तेव्हा ती अंगावर पाजणारी होती, हे आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं. पिल्लं तिसऱ्या-चौथ्या दिवशीच गेली असणार. वास कशाचा येतोय म्हणून प्लंबरने आधीच ती काढून टाकली होती. ती भाटी तीन दिवस तिथून हलली नाही.

आणि मांजरं कमी झाली का? चार महिन्यांत आकडा पुन्हा दहावर गेला. शेजारच्या बांधकामावरून तीन बोके आले, मागच्या गल्लीतून दोन भाट्या आल्या. नवीन आलेल्यांची आपसांत जागेवरून भांडणं सुरू झाली, आणि रात्रीचं ओरडणं आधी होतं त्याहून वाढलं.

असं होणारच होतं. मांजर तुमच्या आवारात राहतं ते तिथे कचऱ्याचा डबा, गाडीखालची सावली, मीटर रूममधली ऊब आणि पावसात कोरडा राहणारा एखादा कोपरा असतो म्हणून. मांजर उचललं तरी या गोष्टी तिथेच राहतात. जागेवर हक्क सांगणारा जुना बोका गेला की बाहेर थांबलेल्यांना वाट मोकळी होते. ऑस्ट्रेलियात टास्मानियाच्या जंगलात संशोधकांनी रानटी मांजरं पकडून संपवून पाहिली. तेवढ्या काळात कॅमेऱ्यांत टिपल्या गेलेल्या मांजरांची संख्या कमी व्हायच्या ऐवजी वाढली, कारण आजूबाजूची मांजरं रिकाम्या जागेत शिरली. ते जंगल होतं, आपली ही सोसायटी आहे, आणि आपल्या आजूबाजूला तर मांजरांना तोटा नाही.

आता मांजर किती आणि कसं वाढतं ते सांगते, कारण सभेत याबद्दल कुणाला काही माहिती नसते, आणि ज्यांना असते त्यांची पुष्कळदा चुकीची असते.

भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते. काही चौथ्या महिन्यातच येतात. आपल्याला ती अजून पिल्लू वाटत असते. गाय-कुत्र्यांसारखं तिचं बीज आपल्या वेळेला सुटत नाही, बोक्याशी संबंध आल्यावरच सुटतं. त्यामुळे समागम झाला की बहुतेक वेळा गर्भ राहतो. साधारण ६३ ते ६५ दिवसांत ती विते. एका वेताला तीन ते पाच पिल्लं होतात. ती पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि हीच गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. दिवस मोठा होत जातो तसा माज वाढतो. थंड देशांत म्हणूनच हिवाळ्यात त्यांचं विणं थांबतं. आपल्याकडे दिवस-रात्रीत तेवढं अंतर पडत नाही, त्यामुळे विसावा असा जवळपास नसतोच. आमच्या आवारात मी वहीत नोंद ठेवली आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत पिल्लांची एक मोठी लाट येते आणि गणपतीच्या सुमाराला दुसरी.

मांजरांच्या बाजूने बोलणारे लोक सभेत एक आकडा सांगतात. एका जोडीपासून सात वर्षांत ४ लाख २० हजार मांजरं होतात, असा. कृपा करून तो सांगू नका. सगळी पिल्लं जगली आणि सगळी व्यायली तरच तो हिशेब जमतो, आणि पिल्लं जगत नाहीत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात उघड्यावर जन्मलेल्या १६९ पिल्लांवर लक्ष ठेवलं गेलं होतं. त्यांतली १२७ पिल्लं सहा महिन्यांची होण्याच्या आत मेली किंवा दिसेनाशी झाली. चारांतली तीन.

माझ्या मते नसबंदीच्या बाजूने बोलायला एवढा एकच आकडा पुरे आहे. मांजरं फार झाली म्हणून आपण चिडतो, पण जन्मलेल्यांतली बहुतेक आपल्या पायाशीच मरत असतात. मी त्यांना कशाकशाने मरताना पाहिलं ते सांगते. जूनच्या पहिल्या पावसात डक्टमध्ये पाणी भरलं आणि चार पिल्लं बुडाली. मांजरांच्या साथीच्या रोगाने, ज्याला डॉक्टर पॅनल्युकोपेनिया म्हणतात, एका आठवड्यात दोन वेतं उलट्या-जुलाबांनी संपली. एका पावसाळी सकाळी आमच्या मजल्यावरच्या मुलाने ऑफिसला जायला गाडी सुरू केली. इंजिनाच्या उबेला जाऊन बसलेलं पिल्लू पट्ट्यात सापडलं. तो मुलगा मांजरांचा राग करणारा होता. त्या दिवशी तो ऑफिसला गेला नाही. तेव्हापासून तो बॉनेटवर दोनदा हात आपटल्याशिवाय चावी फिरवत नाही. तुमच्या सभासदांनाही ही सवय लावा.

ज्या तक्रारींचे अर्ज तुमच्या फायलीत लागलेले असतात, त्या बहुतेक विणीच्याच तक्रारी आहेत. रात्री बाळ रडल्यासारखा येणारा आवाज म्हणजे माजावरची भाटी आणि तिच्यामागे लागलेले बोके. लिफ्टच्या दाराशी आणि जिन्यात येणारा उग्र वास म्हणजे हद्द आखायला बोक्याने उडवलेली मूत्राची धार. पत्र्यावरची मारामारी, फाटलेले कान, पू झालेल्या जखमा, चाव्यातून एका मांजराकडून दुसऱ्याकडे जाणारे रोग, हे सगळं त्याच्यामागून येतं. ऑपरेशननंतर बोक्याचं धार उडवणं, भटकणं आणि भांडणं बरंच खाली येतं. आमच्याकडे दीड-दोन महिन्यांत फरक कळला. भाटीचा माज तर पूर्ण थांबतो. शिवाय लवकर ऑपरेशन झालेल्या भाटीला गर्भाशयात पू होण्याचा धोका राहत नाही आणि स्तनांच्या गाठींचा धोका खूप कमी होतो. ही मांजरं आवारातच राहतात, दुसऱ्यांना सहजी आत येऊ देत नाहीत, आणि त्यांची संख्या वाढत नाही.

आम्ही हे काम २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू केलं. कसं केलं ते सविस्तर लिहिते, कारण इच्छा असूनही कमिट्या ‘पण पकडणार कोण’ या प्रश्नावर अडतात. मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची जुनी अडचणच आहे ती.

आधी मोजणी. खायला घालणाऱ्या दोघी आणि रात्रपाळीचा वॉचमन, या तिघांनाच आवारातलं प्रत्येक मांजर ओळखू येत होतं. आम्ही प्रत्येकाचा फोटो काढून वहीत लावला. एकूण २३ निघाली, त्यांत १४ भाट्या. कमिटीच्या मते ती ‘पन्नास-साठ’ होती. दुसरं काम खाण्याची वेळ आणि जागा ठरवण्याचं. दिवसभर जिथे-तिथे मिळत असेल तर मांजर पिंजऱ्यात शिरत नाही. दोन आठवडे रोज रात्री साडेनऊला, मागच्या भिंतीजवळ, एकाच ठिकाणी खाणं ठेवलं. मग ठरल्या दिवसाच्या आदल्या रात्री काहीच ठेवलं नाही आणि दुसऱ्या रात्री खटक्याचे पिंजरे लावले. मांजर आत जाऊन पाटीवर पाय ठेवतं आणि मागचं दार पडतं, असे ते पिंजरे असतात. आमिषाला सुका बोंबील. त्याच्यापुढे बाकी सगळं फिकं आहे. आम्ही चिकन, दूध, तयार खाऊ सगळं करून पाहिलं होतं.

दार पडताच पिंजऱ्यावर जाड चादर टाकायची. हे विसरू नका. अंधार झाला की घाबरलेलं मांजर शांत होतं, नाहीतर ते जाळीवर तोंड आपटून रक्तबंबाळ होतं. पोतं, जाळं, हातमोजे घालून मानगूट धरणं, यांतलं काहीही नको. कुणाला चावलं किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. मांजरापासून रेबीज होत नाही अशी समजूत आहे, ती चूक आहे. ऑपरेशनच्या वेळीच मांजराला ही लस टोचून घेता येते, आणि टोचून घ्यावीच.

भाटी पिंजऱ्यात आली की टॉर्च लावून तिचं पोट पाहा. आचळं फुगलेली आणि भोवतीचे केस गेलेले असतील तर तिची पिल्लं कुठेतरी आहेत. पिल्लं अगदी लहान असतील तर तिला सोडून द्या आणि वहीत तारीख लिहा. पिल्लं खायला लागली की आधी त्या भाटीलाच धरा. आपल्याकडे म्हणतात ना, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, ते खरं आहे. त्यामुळे जिन्यात एकटं पिल्लू दिसलं की लगेच उचलून घरी नेऊ नका. आई एकेक करून जागा बदलत असते. दोन-तीन तास लांबून पाहा.

डॉक्टरांकडून परत आल्यावर बोका एका रात्रीत सोडता येतो. भाटीचं पोट उघडलेलं असतं. तिला चार-पाच दिवस कोरड्या, स्वच्छ जागी ठेवावं लागतं. जिमसाठी बांधलेली आणि कुलूपबंद पडलेली आमची एक खोली होती, ती आम्ही दोन महिन्यांसाठी मागून घेतली. रोज सकाळी खालचे वर्तमानपत्र बदलायचं, टाका पाहायचा, पाणी ठेवायचं. शाळेतल्या मुलांनी पाळ्या लावून घेतल्या. ज्या आजोबांनी सभेत सगळ्यात मोठ्याने आरडाओरडा केला होता, ते रोज जुने पेपर आणून देऊ लागले. आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही.

ऑपरेशनच्या वेळी, भूल असतानाच, कानाचं टोक सरळ कापून घेतलं जातं. पाहणाऱ्याला वाईट वाटतं, पण लांबून दिसणारी तेवढीच एक खूण आहे. ती नसेल तर त्याच भाटीला दुसऱ्यांदा पकडून भूल दिली जाते आणि पोट उघडल्यावर कळतं की हिचं आधीच झालेलं आहे.

जानेवारी २०२० संपेपर्यंत २३ पैकी १९ मांजरांची ऑपरेशनं झाली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, हॉटेलं बंद झाली, कचऱ्यात खाण्याजोगं काही उरलं नाही. त्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या गल्ल्यांत पिल्लं किती मेली ते आठवलं तरी नको वाटतं. आमच्या आवारात त्या वर्षी एकही पिल्लू जन्मलं नाही. राहिलेली चार आम्ही टाळेबंदी उठल्यावर धरली. आज त्या २३ पैकी ८ आहेत; काही वय होऊन गेली, काही गाडीखाली गेली, दोन घरांत गेली. मधल्या काळात ३ नवीन आली, ती येताच त्यांचंही केलं. म्हणजे आता ११. २०१६ मध्ये पोत्यात घातली होती तेवढीच. पण आता रात्री झोप लागते आणि जिन्यात वास येत नाही.

तुमच्याकडे कुणी ‘यंदा पाच करू, पुढच्या वर्षी पाच’ असं सुचवलं तर तेवढं मान्य करू नका. इतकं संथ काम म्हणजे पैसे वाया. निदान शेकडा सत्तर, शक्य झालं तर त्याहून जास्त मांजरांचं ऑपरेशन एका हंगामात झालं पाहिजे, तरच वाढ थांबते. उरलेल्या चार भाट्या दोन वर्षांत सगळी भर काढतात. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समध्ये न्यूबरीपोर्ट नावाचं बंदराचं गाव आहे. तिथे १९९२ साली धक्क्यावर सुमारे ३०० मांजरं होती. तिथल्या लोकांनी ती पकडून, नसबंदी करून, काहींना घरं मिळवून देऊन काम लावून धरलं. धक्क्यावरचं शेवटचं मांजर २००९ मध्ये म्हातारपणी गेलं. सतरा वर्षं लागली, पण संख्या कमी करायला मांजरं मारत सुटावं लागलं नाही.

रोमचा अनुभव मात्र वेगळा आहे, आणि तोही सभेत सांगायला हवा. इटलीत १९९१ च्या कायद्याने रस्त्यावरच्या मांजरांना मारायला बंदी आहे, नसबंदी सरकारी पशुवैद्यक करतात. रोममध्ये दहा वर्षांत जवळपास ८,००० मांजरांची नसबंदी झाली, तरी घट अपेक्षेएवढी झाली नाही, कारण लोक घरची मांजरं आणून या वसाहतींत सोडत राहिले.

आपल्याकडे हेच दोन वाटांनी होतं. पहिली वाट पर्शियन मांजरांची. मुलाच्या वाढदिवसाला हौसेने आणलेलं लांब केसांचं मांजर, केस विंचरायचा कंटाळा आला किंवा घरात बाळ आलं की खाली सोडलं जातं. चपट्या नाकाचं ते मांजर रस्त्यावर महिनाभरही टिकत नाही, आणि बोका असेल तर तेवढ्यात चार भाट्या गाभण करून जातं. सोसायटीत मांजर पाळायला कुणाचीही ना असू नये, पण पाळलेल्या मांजराचं ऑपरेशन झाल्याचा कागद कमिटीने विनंती करून जरूर मागावा.

दुसरी वाट पुनर्विकासाची. मुंबईत आज गल्लोगल्ली जुन्या इमारती पडताहेत. रहिवासी भाड्याच्या घरात जातात, सामान जातं, देव जातात, तुळस जाते. तीस वर्षं त्या इमारतीतल्या जिन्यांवर पोसलेली मांजरं मागे राहतात. पत्रे ठोकले जातात, पोकलेन येतो, आणि ती ढिगाऱ्यातून बाहेर पडून शेजारच्या सोसायटीत शिरतात. आमच्याकडचे ते तीन बोके असेच आले होते. विकासकाबरोबरच्या करारात कॉर्पस (विकासकाकडून मिळणारा निधी), भाडं, पार्किंग, सगळ्यावर वर्षभर चर्चा होते. त्यात एवढंच एक कलम घाला, की इमारत रिकामी होण्याच्या किमान तीन महिने आधी आवारातल्या मांजरांची नसबंदी पूर्ण होईल आणि त्यांच्या पुढच्या सोयीसाठी दोन माणसं नेमली जातील. विकासकाच्या खर्चात ती रक्कम दिसणारही नाही.

खायला घालणाऱ्यांनाही मला काही सांगायचं आहे, आणि ते मी त्यांच्यातलीच एक म्हणून सांगते. नसबंदी न करता नुसतं खाऊ घालणं अर्धवट आहे. पोट भरलेली भाटी जास्त वेळा विते आणि तुमच्या डोळ्यांदेखत तिची पिल्लं मरतात. रस्त्यावर, गाड्यांवर, कुणाच्याही दारात खाणं टाकू नका. असा पसरलेला दूधभात दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या मावशींना खरवडावा लागतो. जागा एक, वेळ एक, अर्ध्या तासाने भांडी उचलायची. कमिटीनेही त्यांना अशी जागा द्यायला हवी. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी मोकाट प्राण्यांना खाणं देण्यासाठी जागा ठरवून देणं हे रहिवासी संघटनांचं काम ठरवलं आहे. त्याआधीचे २००१ चे नियम नावापासूनच कुत्र्यांपुरते होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात भटक्या कुत्र्यांचा प्रश्न गाजला तेव्हा देशभर बोललं गेलं. मांजरांचा उल्लेखही कुठे फारसा आला नाही. मांजर चावत सुटत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

कायद्याचा धाक दाखवायला मी हे पत्र लिहीत नाही. पण प्राण्याला उपाशी-तापाशी मरेल अशा ठिकाणी टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, आणि त्याला मारणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे. १९६० च्या कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे. पन्नास रुपयांत आता जेमतेम दोन-तीन वडापाव येतात. तो दंड भरून कुणीही सुटेल. कायद्यावर विसंबून हे काम होणार नाही, सोसायटीनेच ते हाती घ्यायला हवं.

सभेत दोन आक्षेप हमखास येतील. पहिला, देवाने दिलेल्या गोष्टीत आपण ढवळाढवळ का करायची. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं असं मानणारी आपली माणसं आहेत, आणि त्या समजुतीमागची भीड मला मोलाची वाटते. म्हणून मी त्यांना विचारते, दर पावसाळ्यात डक्टमध्ये बुडणारी पिल्लं कुणाच्या खात्यावर लिहायची? मांजर माणसाच्या वस्तीत राहतं ते आपल्या धान्यामुळे आणि आपल्या कचऱ्यामुळे. त्याची वाढ आपणच केली आहे, तेव्हा ती थांबवणंही आपल्याकडेच येतं.

दुसरा आक्षेप उंदरांचा : मांजरं कमी झाली तर उंदीर-घुशी माजतील. ऑपरेशन झालेलं मांजर आवारातच असतं आणि उंदीरही मारतं, हे एक. आणि मुंबईतली पोसलेली घूस बहुतेक मांजरांच्या आवाक्याबाहेरची असते. मी दोघांना एकाच डब्यातून खाताना पाहिलं आहे. घुशींचा बंदोबस्त ओल्या कचऱ्याच्या झाकणाने आणि गटारांच्या जाळ्यांनी होतो. घुशींच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती खरी आहे, पण ती मांजरांच्या भरवशावर सोडू नये.

पैशांचं थोडक्यात सांगते. मुंबईत महापालिकेने संस्थांमार्फत मांजरांच्या नसबंदीचं काम सुरू केलं आहे. आधी वॉर्ड ऑफिसात चौकशी करा. इतर शहरांत पशुवैद्यकीय विभागाला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. तिथे नंबर लागला नाही तर प्राणिमित्र संस्था सवलतीत करून देतात. आम्हाला पिंजरे, रिक्षा, औषधं सगळं धरून २३ मांजरांचा जो खर्च आला, तो दर सदनिकेमागे ४०० रुपयांहून कमी होता, आणि तोही एकदाच. गेटवरच्या दिवाळीच्या माळांवर त्या वर्षी आम्ही जवळपास तेवढेच खर्च केले.

म्हणून माझी विनंती अशी. यंदाच्या अजेंड्यावर, ऐनवेळच्या विषयांत नव्हे, क्रमांक घालून हा विषय घ्या : ‘आवारातील मांजरांची मोजणी, नसबंदी व लसीकरण करणे, त्यासाठीचा खर्च मंजूर करणे आणि तीन सभासदांची समिती नेमणे.’ त्या तिघांत एक खायला घालणारी व्यक्ती असू द्या आणि एक तक्रार करणारी. ऑक्टोबरमध्ये मोजणी करा, दिवाळी झाली की पिंजरे लावा, आणि जानेवारीच्या आत काम संपवा. फेब्रुवारी उजाडला की भाट्या गाभण असतात आणि सगळं दुप्पट अवघड होतं. आणि ठराव होईपर्यंत वॉचमनला तोंडी काही सांगू नका.

आमच्याकडे चार पिंजरे आहेत. तीन रिकामे आहेत; मागतील त्या सोसायटीला महिनाभरासाठी द्यायला आमची कमिटी तयार आहे, सोबत चादरी आणि बोंबील आणायची जागाही सांगू. चौथा शेजारच्या बांधकामावर लावलेला आहे. तिथे एक काळी भाटी गेल्या मार्चपासून आम्हाला हुलकावणी देते आहे आणि तिचं पोट पुन्हा खाली आलेलं दिसतं. या वेताची पिल्लं खायला लागेपर्यंत तिला धरता येणार नाही, म्हणून तो पिंजरा तेवढा जानेवारीपर्यंत मागू नका.

आपली,
एक सभासद आणि माजी कमिटी सदस्य